मागून बसलेली गाडी आणि घासणारा टायर



दर अंकात आपण खोडव्याची निगा, लागणीचे अंतर आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर वाचता. या खेपेस विषय जरा निराळा आहे. आपल्या पुष्कळ सभासदांच्या वाड्यात, गोठ्याच्या कडेला नाही तर चिंचेखाली एखादी जुनी ॲम्बेसेडर, फियाट किंवा जीप उभी असते. विकवत नाही आणि धड चालतही नाही. पुढून पाहावी तर ऐटदार, मागून पाहावी तर बसलेल्या म्हशीसारखी. मागे तीन माणसे बसली की टायर मडगार्डला लागतो. ‘जुनी झाली, चालायचंच’ असे म्हणून आपण सोडून देतो. आम्हीही तसेच सोडून दिले होते. त्यापायी काय झाले आणि पुढे काय शिकलो, ते इथे सांगतो.

गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारची गोष्ट. ताई आणि दाजींना आणायला आम्ही छत्रपती संभाजीनगरला गेलो होतो. येताना घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन घरी जायचे, असे ठरले. गाडीत पुढे आम्ही आणि दाजी, मागे आई, ताई आणि आमच्या सौ., शिवाय ताईच्या दोन पोरी कडेवर. दौलताबाद गेले, खुलताबाद गेले आणि वेरूळचा घाट उतरायला लागलो तसा रबर जळाल्याचा वास येऊ लागला.

आई म्हणाली, “अरे, काही तरी जळतंय रे.”

दाजी म्हणाले, “मामी, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील.”

आम्हालाही तेच बरे वाटले. पण पुढच्या डाव्या वळणावर मागून असा खर्रर्र आवाज झाला की पोरी रडायला लागल्या. गाडी कडेला घेऊन खाली उतरलो. उजव्या बाजूच्या मागच्या टायरच्या बाहेरच्या अंगाला गोल कापल्यासारखी रेघ पडली होती आणि तिच्यातून आतले दोरे दिसत होते. बोट लावले तर चटका बसला. मागून प्रवाशांनी भरलेली एस. टी. येत होती आणि खाली सगळा उतार. आणखी दोन वळणे तशीच घेतली असती तर काय झाले असते, ते आम्ही घरच्यांना आजतागायत बोलून दाखवलेले नाही.

स्टेपनी लावली, माणसे रिक्षाने पुढे पाठवली आणि गाडी रिकामी करून हळूहळू खाली आणली. दर्शन झाले, पण आमचा हात जोडलेला आणि डोळा गाडीकडे.

ही गाडी १९८३ सालची ॲम्बेसेडर मार्क ४. आमच्या दादांनी ती जुनी म्हणूनच घेतली, तीही उसाच्या बिलातून. गावात तेव्हा दुसरी मोटार नव्हती. कितीतरी लेकीसुनांना बाळंतपणासाठी रातोरात हिच्याच मागच्या सीटवरून नेले. त्यामुळे आमचे चिरंजीव “भंगारात द्या आता” म्हणाले तेव्हा आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शिवाय धाकट्या कन्येचे लग्न मार्गशीर्षात ठरलेले, आणि तिचा हट्ट असा की सासरी जाईन तर आजोबांच्या गाडीतून. म्हणजे गाडी नुसती दिसायला चांगली करून भागणार नव्हते. तिच्यात पोरगी बसवून घाट उतरवायचा होता.

थोडे गाडीच्या कुळाविषयी. ॲम्बेसेडर मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३ या गाडीवरून आली. पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाडा येथे हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात ती १९५०च्या दशकाच्या अखेरीस बनू लागली आणि मे २०१४ मध्ये बंद झाली. इतक्या वर्षांत तोंड बदलले, इंजिने बदलली, पण मागे आडवा ॲक्सल आणि त्याखाली लोखंडी पाटे, ही रचना राहिली. पद्मिनी फियाटलाही मागे पाटेच. (जाता जाता सांगतो, मुंबईत कुर्ल्याला फियाट बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली काढली ती वालचंद हिराचंद यांनी, आणि रावळगाव व वालचंदनगरचे साखर कारखानेही त्यांचेच. तेव्हा त्या गाडीशीही आपले उसाचे नाते आहे.)

आता आमच्या चुका सांगतो, कारण पैसे त्यातच गेले.

पहिला सल्ला मिळाला तो असा की शॉकअप गेले आहेत, नवीन टाका. टाकले. गाडी एक सूतही वर आली नाही. येणार कशी? गाडीचा भार पाटे पेलतात. शॉकअपचे काम एवढेच की धक्का बसल्यावर गाडीने झोपाळ्यासारखे खालीवर करत राहू नये. गाडी खड्ड्यातून गेल्यावर डोलत राहिली तर शॉकअपकडे बघावे, उभ्या जागी बसली असेल तर पाट्यांकडे. इतकी साधी गोष्ट आम्हाला पावती फाडल्यावर कळली.

दुसरा सल्ला, मडगार्डची कड ठोकून आत वळवा म्हणजे टायरला जागा होईल. एका कारागिराने हातोडा घेऊन अर्ध्या तासात ती वळवूनही दिली. रंग फुटला, पत्र्याला लाटा आल्या, आणि आठ दिवसांनी भरल्या गाडीत टायर पुन्हा लागला. आपल्या गावच्या कैलास लेण्याचे नवल आपण पाहुण्यांना सांगतो की ते वरून खाली कोरत आणले, त्यात चुकलेला घाव परत जोडायची सोय नव्हती. पत्र्याचेही थोडेफार तसेच आहे. दोष दुसरीकडे असताना आम्ही धड असलेली वस्तू बिघडवून बसलो.

तिसरा सल्ला सर्वांत वाईट आणि सर्वांत लोकप्रिय. ‘दोन्हीकडे एकेक जाड पाटा वाढवा.’ भंगारातून एका मोठ्या गाडीचे पाटे काढून, कापून ते आमच्या पाट्यांखाली चढवले. गाडी मागून टुणकन वर आली. आम्ही खूश! पण पहिल्याच दिवशी आई म्हणाली, “यापेक्षा आपली टायरगाडी बरी होती.” खड्डा आला की डोके टपाला लागायचे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. त्यामुळे एकच जाड पाटा सगळा भार स्वतःवर घेतो आणि बाकीचे नुसते बसून राहतात. महिनाभरात उजव्या बाजूला, जिथे पाट्याचे टोक गाडीच्या अंगाला अडकते, तिथल्या पत्र्याला चीर गेली.

इथे जीपवाल्या सभासदांनी आणि ॲम्बेसेडरवाल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. जीपला खाली स्वतंत्र चासी असते. ॲम्बेसेडरला तशी नाही, तिचे अंग आणि सांगाडा एकच. पाट्यांचा सगळा जोर शेवटी पत्र्याच्या पेटीवर येतो, आणि चाळीस वर्षांत त्या पेटीत किती चिखलपाणी साठून ती किती गंजली आहे, हे वरून दिसत नाही. तिथे ताठ पाटा बसवणे म्हणजे कुजक्या दांडीला दोन बैलांऐवजी चार जुंपणे.

अखेरीस संभाजीनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आम्हीही चाचाच म्हणालो. उमेदीत त्यांनी सरकारी ॲम्बेसेडरच दुरुस्त केलेल्या. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डिकी उघडली आणि आमच्याकडे पाहिले.

“मालक, आधी ही रिकामी करा. गाडी आजारी आहे का गोदाम भरलंय, ते मला कसं कळावं?”

डिकीतून निघाले ते असे: विहिरीच्या मोटारीची जळालेली वायंडिंग, फूटव्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचा साखळदंड, पाइपाचे तुकडे, दोन जॅक, आणि फुटलेली युरियाची गोणी. सहज दीड क्विंटल. हे ओझे घेऊन आम्ही वर्षभर फिरत होतो, त्यावर तीन माणसे बसवत होतो आणि गाडी बसली म्हणून ओरडत होतो. दीड क्विंटल म्हणजे मागे दोन मोठी माणसे कायमची. असो.

गाडी सपाट फरशीवर घेतली, चारही टायरांत सारखी हवा भरली. मग चाचांनी टेप काढला. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतले. जादा पाटे आधी काढून टाकले होते. डावीकडे ९ इंच, उजवीकडे साडेसात. म्हणजे गाडी सारखी बसलेली नव्हती, एका अंगाला दीड इंच कलली होती. टायर जमिनीपासून मोजून उपयोग नाही, हवा कमीजास्त असली की माप फसते.

लगेच मागच्या पाट्यांना हात घालतील असे आम्हाला वाटले, पण ते पुढे गेले. आमच्या ॲम्बेसेडरला पुढे पाटे नाहीत, पीळ खाणाऱ्या लांब सळया आहेत, टॉर्शन बार. त्यातली एक सैल पडली तर पुढचे एक अंग खाली जाते आणि तिरके मागचे अंगही फसवे माप दाखवते. खाटेचा एक पाय आखूड असला की डुगडुग समोरच्या कोपऱ्यात दिसते ना, तसे. चाचांनी पुढच्या आडव्या तुळईच्या बरोबर मध्यावर जॅक लावून पुढची चाके फरशीवरून उचलली, म्हणजे पुढच्या डाव्या-उजव्याचा संबंधच तुटला. मग मागचे माप पुन्हा घेतले. दीड इंचाचा फरक तसाच. “मागेच दुखतंय,” ते म्हणाले.

तिसरे माप आम्हाला अगदी नवीन होते. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर, दोन्ही बाजूंनी. डावीकडे ९७ इंच भरले, आणि कारखान्याचा मूळ आकडाही तोच आहे. उजवीकडे भरले ९७ इंच पाच सूत. मागचा ॲक्सल उजवीकडून मागे सरकलेला होता! गाडी सरळ चालतच नव्हती, कुत्र्यासारखी जरा तिरकी धावत होती. आम्हाला स्टिअरिंग एका बाजूला ओढते असे वाटायचे, आणि आम्ही दोन वेळा पुढची अलाइनमेंट करून आलो होतो.

मग गेरू मागवला. उजव्या मडगार्डच्या कडेला आतून ओला गेरू फासला, मागे तीन पोरे बसवली आणि आवारात डावीकडे वळवून एक फेरी मारली. वळण डावीकडे घेतले की गाडीचे अंग उजवीकडे झुकते. टायरवर गेरू लागला तो बाहेरच्या खांद्याला, मधोमध नाही. म्हणजे टायर वर उचलून छताला लागत नव्हता, गाडीचे अंग आडवे सरकून त्याच्यावर येत होते. चाच्यांनी मागच्या बंपरला कंबर लावून गाडी आडवी हलवली तेव्हा ते सरकणे डोळ्यांनी दिसले.

पाटे खोलल्यावर सगळा उलगडा झाला. त्यासाठी पाट्यांची बांधणी आधी समजून घेऊ. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा गाडीच्या अंगाला पिनेने पक्का, मागचा शॅकलने टांगलेला. शॅकल म्हणजे झोपाळ्याची कडीच समजा. भार पडून पाटा सरळ झाला की तो लांबतो, ती लांबी शॅकल झुलून सामावून घेते. दोन्ही डोळ्यांत रबरी बुश. लांब पाट्याखाली एकाहून एक आखूड पाटे, आणि सगळ्यांना मधोमध भोक पाडून आरपार एक सेंटर बोल्ट. हा संच ॲक्सलला दोन यू बोल्टांनी आवळलेला असतो. सेंटर बोल्टाचे डोके ॲक्सलच्या भोकात बसते, म्हणून ॲक्सल पुढेमागे सरकत नाही.

आमचा उजवा सेंटर बोल्ट कापला गेला होता. तिसरा पाटा बरोबर मधल्या भोकापाशी तुटलेला, पण यू बोल्टांच्या पकडीत दोन्ही तुकडे जागेवर असल्याने बाहेरून काहीच कळत नव्हते. तुटलेल्या तोंडाचा बराचसा भाग जुन्या गंजाने काळा आणि टोकाची थोडीशी जागा चकचकीत. म्हणजे चीर फार दिवसांची, शेवटचा तुकडा अलीकडे सुटलेला. कारण काय? यू बोल्ट सैल. पकड ढिली झाली की पाटे मधोमध वाकू लागतात, आणि भोक असल्याने तीच जागा सर्वांत अशक्त. पुढचे आपोआप होते.

शॅकलचे बुश तर फुगून भाकरीच्या पिठासारखे झाले होते. ते पाप आमचेच. दर दसऱ्याला गाडी धुऊन आम्ही खालून जळके ऑइल मारत असू, गंज लागू नये म्हणून. आपल्यातले पुष्कळ जण मारतात. लोखंडाला ते बरे, पण रबराला खाते. बुश गेले की गाडीचे अंग आडवे खेळते आणि घासण्याची सुरुवात तिथून होते.

आता प्रश्न असा की जुने पाटे ठोकून पुन्हा कमान द्यावी का नवीन संच करावा. ऐरणीवर थंड पाटे ठोकून कमान देणारे कारागीर आहेत, आणि त्याने गाडी वर येतेही, पण थकलेला पाटा काही महिन्यांत परत बसतो. भट्टीत लाल करून वाकवायचा आणि तसाच धुळीत टाकून गार करायचा, हे तर कधीच करू देऊ नये. ऊसतोडीचा कोयता बहुधा ट्रकच्या जुन्या पाट्याचाच असतो, आणि लोहार त्याला नीट पाणी देतो म्हणून त्याची धार टिकते. पाणी न दिलेला कोयता दोन मोळ्यांत वळतो. पाट्याचेही शास्त्र तेच. त्या पोलादात सिलिकॉन आणि मँगेनीज असते. ते सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सियसला तापवून तेलात बुडवतात, आणि मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा ४५० ते ५०० अंशांच्या घरात तापवतात. या दुसऱ्या तापवण्याशिवाय पाटा काचेसारखा तडकतो, पहिल्याशिवाय पापडासारखा वाकतो. रस्त्याकडेच्या भात्यावर हे अंश सांभाळता येत नाहीत.

गाडी बंद होऊन इतकी वर्षे झाली तरी पाट्यांचे अडत नाही. पाट्यांची पट्टी बाजारात मिळते आणि मोठ्या शहरात भट्टी असलेली पाट्यांची दुकाने मापाप्रमाणे संच करून देतात. चाचांनी डावीकडच्या धड संचावरून प्रत्येक पाट्याची लांबी, रुंदी, जाडी कॅलिपरने लिहून घेतली आणि दोन्ही बाजूंचे संच नवीन करायला लावले. आम्ही म्हणालो, डावा चांगला आहे, तो राहू द्या. ते म्हणाले, “एक बैल गोऱ्हा आणि एक म्हातारा, अशी जोडी तुम्ही जुंपाल का?” आम्ही गप्प बसलो.

बसवताना दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम दाखवल्या. पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीसचा पातळ हात दिला, बुशला मात्र ग्रीसचा थेंब लागू दिला नाही. आणि डोळ्यांतल्या पिना गाडी जॅकवर असताना नुसत्या हाताने लावून ठेवल्या. गाडी चाकांवर उतरवून, तिचा भार पाट्यांवर आल्यावरच त्या आवळल्या. उचललेल्या गाडीत आवळल्या तर खाली उतरताना रबर पीळ खाते आणि तसेच ताणलेले राहून लवकर फाटते. यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट नवीनच टाकले. एकदा ताणलेला यू बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हा त्यांचा नियम. चिरलेल्या पत्र्याला आधी आतून जाड पत्र्याचा जोड वेल्डिंग करून घेतला होता. मडगार्डची वाकडी कड डेंटरने जमेल तितकी सरळ केली. ती खूण मात्र जवळून पाहिली की दिसते.

एकंदर खर्च आमच्या चार टन उसाच्या बिलाइतका आला. त्याआधीच्या तीन ‘उपायांचा’ आणि वाया गेलेल्या टायरांचा हिशेब मांडला तर तो याहून मोठा भरतो, म्हणून आम्ही तो मांडत नाही.

ज्यांच्या गाडीला मोठे टायर किंवा रुंद रिंग बसवली आहे, त्यांनी मात्र पाट्यांना दोष देण्याआधी ती उतरवावी. ॲम्बेसेडरचा मूळ टायर ५.९०-१५ मापाचा, अंगाने अरुंद. त्या मडगार्डात रुंद टायर कोंबला तर नवे पाटेही त्याला वाचवणार नाहीत. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनाला येईल तसा फेरफार करता येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला जाल तेव्हा तपासणीत ते निघतेच. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण अशी गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही. आमची अजून त्या वयाची व्हायची आहे.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पाटे असतील तर गळीत सुरू होण्याआधी तिचेही यू बोल्ट आणि सेंटर बोल्ट पाहावेत. उसाने भरलेल्या ट्रॉलीचा ॲक्सल सरकला तर तिथे स्टेपनी लावून भागत नाही.

गाडी घरी आणली तेव्हा माप डावीकडे सव्वानऊ आणि उजवीकडे सव्वानऊला एक सूत कमी. मागे तीन धडधाकट माणसे आणि डिकीत दोन गोण्या घालून, दोन्ही कडांना गेरू फासून आम्ही वेरूळचा घाट दोनदा चढलो-उतरलो. दाजी मुद्दाम मागे बसले होते आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून डोके काढून बघत होते. गेरू जसा लावला तसाच वाळला.

पाचशे किलोमीटर झाल्यावर चाचांच्या सांगण्याप्रमाणे यू बोल्ट परत आवळायला गेलो. नवे पाटे एकमेकांवर बसतात, तेव्हा पकड थोडी ढिली होते. उजवीकडचे नट पाऊण फेरा फिरले, डावीकडचे अर्धा. माप पुन्हा घेतले, दोन्हीकडे बरोबर नऊ. लग्नाला तेव्हा अकरा दिवस होते. डिकीतला साखळदंड आता गोठ्यात खुंटीला आहे, आणि तुटलेला तिसरा पाटा लोहाराने मागून नेला.